सगळे पोहोचले तर

"मी जिकनू!" भटूने मांडीवर थाप मारली आणि पांढरं बटण यानाच्या चित्रावर नेऊन ठेवलं. "बघा दाजी. पहिलाच डाव आणि पहिला नंबर. तुमी बापलेक दोन वर्सांपासून खेळताय म्हणे!"

गायत्रीने कपाळाला हात लावला. "मामा, यात एकटं कोणी जिंकत नाही. तिघंही बसले तरच यान उडतं. एक जरी बाहेर राहिला, तर सगळे हरले."

"म्हंजे मी यानमा बठेल शे, तरी मरनू?"

"हो."

"हाऊ कोनता खेळ! मंग लढानं कोनासंगे?"

"कोणाशीच नाही," योगराज म्हणाला. "हवा संपायच्या आत पोहोचायचं. बस."

भटूने मेहुण्याकडे नीट पाहिलं. इथे आल्यापासून, म्हणजे काल दुपारपासून, योगराज सलग इतकं बोलल्याचं त्याला आठवेना.

सुरतेत, डिंडोलीतल्या त्या दीड खोलीत फरशीवर पट पसरला होता. पलसाण्याच्या रस्त्यावरच्या एका कापड छपाईच्या मिलमध्ये योगराज ट्रेसर होता. नक्षीतला एकेक रंग वेगळा काढून पारदर्शक फिल्मवर उतरवायचा; चार रंग असले की चार फिल्म. खाली ट्यूबलाइट, वर काच आणि काचेवर वाकलेली मान, अशी सोळा वर्षं गेली होती. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या चादरींची ऑर्डर आली, तेव्हा व्यापाऱ्याने नमुना म्हणून एका परदेशी खेळाचं खोकंच पाठवून दिलं. यातलं यान चादरीवर घ्या, म्हणाला. योगराजने यान तर घेतलंच, पण आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून बाकीचा खेळही उतरवला. तांबडा ग्रह, कोसळलेलं जहाज, त्यातल्या एकामागोमाग एक खोल्या, वादळाची पानं. इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. तीही त्याने वेलबुट्टीसारखी जशीच्या तशी काढली. आठवीतल्या गायत्रीने शब्दकोश घेऊन नियम लावले. माणसांच्या जागी बटणं आली, हवेच्या डब्यांच्या जागी चिंचोके. एक खोली पुढे किंवा मागे जायला एक चिंचोका. ज्याचे संपले तो तिथेच राहिला. एकाच खोलीत असलं तर एकमेकांना हवा देता येते.

एक चूक मात्र झाली होती. छापताना दोन रंगांमध्ये पांढरी फट राहू नये म्हणून ट्रेसर एक रंग दुसऱ्यावर केसभर चढवतात. हाताच्या सवयीने योगराजने पटावरच्या खोल्याही तशाच एकमेकींवर चढवल्या. त्याची बायको सुंदरा आपलं पांढरं बटण नेमकं त्या पट्टीवर ठेवायची. "माझा एक पाय इकडं, एक तिकडं. तुम्हीच काढलंय ना असं? मग!" असं म्हणून दोन्ही खोल्यांतल्यांना हवा वाटत सुटायची आणि आपली संपवून बसायची. तिघांनी मिळून तो खेळ एकदाही जिंकला नव्हता.

एप्रिलमध्ये कावीळ झाली आणि नवव्या दिवशी सुंदरा गेली. ते पांढरं बटण आज भटूपुढे होतं.

सुंदराचा हा धाकटा भाऊ अमळनेरहून गायत्रीला न्यायला आला होता. ती दहावीला अडुसष्ट टक्क्यांनी पास झाली होती, पण निकालाचा कागद डब्यात ठेवून ती आईच्या जागी बसली होती. सकाळी भाकरी, दुपारी साड्यांना खडे चिकटवण्याचं काम, संध्याकाळी पुन्हा भाकरी. इथल्या कॉलेजांचे अर्ज तिने जाऊ दिले. अमळनेरला सोमवारी शेवटची तारीख होती, आणि आज रविवार.

"तुझी मामी वाट बघतेय. मंदाबी आहे सोबतीला," भटू पान उचलत म्हणाला. मंदा त्याची मुलगी. "दोघी बहिणी संगे जाल कॉलेजला."

"मामा, खेळा ना गुपचूप. पुढच्या वर्षी बघू म्हटलं ना."

"दाजी, तुमी तरी बोला."

योगराज पुढ्यातले चिंचोके मोजू लागला. बारा तासांची पाळी करून आला की दाराबाहेरच तव्याचा वास यायचा. त्या वासासाठी आपण तीन महिने गप्प आहोत, हे त्याला ठाऊक होतं. पोरगी स्वतःच नाही म्हणते, असं तो मिलमध्ये दोघातिघांना सांगून चुकला होता. सांगताना बरं वाटलं होतं.

"धुळीचं वादळ," गायत्रीने पान वाचलं. "तुमचे दोन गेले, आप्पा."

योगराजकडे एकच चिंचोका उरला. यान तीन खोल्या पुढे होतं. गायत्री यानाच्या दाराशी होती, एका पावलावर, आणि तिच्याकडे चार होते.

"तू बस आत," तो म्हणाला.

"बसून काय करू? तुम्ही राहिलात तर हरलोच ना."

तिने बटण उचललं आणि मागे आणलं. एक खोली, दोन खोल्या. दोन चिंचोके खर्ची पडले. उरलेले दोन्ही तिने त्याच्यापुढे सरकवले.

"अन् तुला?"

"माझं बघू नंतर."

भाकरीचा पापुद्रा आलेला अर्धा भाग त्याच्या ताटात टाकावा, इतक्या सहज तिने हे केलं. योगराज आपल्यापुढचे तीन चिंचोके बघत राहिला. तीन खोल्या, तीन चिंचोके. तो बरोबर पोहोचत होता.

"मनाजोडे नऊ शेत," भटू पुढ्यातले चिंचोके दाखवत कळवळून म्हणाला. त्याच्या आता लक्षात आलं होतं. "घ्या ना यातले!"

"यानातून मागे देता येत नाही, मामा."

"बोंबला! आधी सांगतात ना मग."

योगराजने तिन्ही चिंचोके गोळा केले आणि मुलीच्या हातात ठेवले. "जा."

"असं नाही चालत, आप्पा. मग तुम्ही राहता."

"मी राहतो."

"मग हरलो आपण."

"हरू दे. एवढ्या वेळा हरलोय." तो भटूकडे वळला. "उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे?"

भटू काही बोलणार, तेवढ्यात गायत्री म्हणाली, "तुम्हाला भाकरी येते?"

"भात येतो."

"रोज भात?"

"बारा तास तर मिलमध्येच असतो मी."

"आणि बाकीचे बारा?"

योगराज पट आवरायला लागला. गायत्री मुठीतल्या चिंचोक्यांकडे बघत बसली. मग उठली आणि कपड्यांची पेटी काढायला आत गेली. भटूने विडी काढली आणि न पेटवता परत खिशात ठेवली.

सकाळी उधना स्टेशनवर गर्दी होती. भटूने खिडकी धरली. गायत्रीने आतून दोनदा सांगितलं की तांदूळ निवडलेले आहेत, डाळीच्या डब्याचं झाकण घट्ट बसत नाही. "बरं," योगराज दोन्ही वेळा म्हणाला. गाडी हलली तशी ती खिडकीतून मागे बघत राहिली. नंतर मधे कोणाचं तरी गाठोडं आलं.

मिलची वेळ झाली होती. तरी स्टेशनबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानापाशी तो थांबला. घरात आजवर कोणी ना कोणी असायचंच. बाहेरून कुलूप लावायची कधी वेळ आली नव्हती. आज सकाळीही दाराला नुसती कडी घालून ते निघाले होते. दुकानदाराने तीनचार कुलपं मांडली. योगराजने मधलं घेतलं. उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहिलं.

"बे चावी छे," दुकानदार म्हणाला, आणि घरच्यांना द्यायची एक सुटी करून पुढे धरली. "एक घरवाळांने आपी देजो."

योगराजने मान हलवली आणि दोन्ही चाव्या एकाच खिशात टाकल्या.