तुळशीचे पान

शिशिर ओसरत होता. पानगळीने विवस्त्र झालेले साग तलावाकाठी निश्चल उभे होते, आणि राखवर्णी जळावर राखवर्णी आभाळ निजले होते. मोहाची पहिली फुले मातीवर मेणासारखी पडली होती. मंद, मधुगंधी, किंचित आंबूस असा त्यांचा वास साऱ्या गावावर पसरला होता. आणि त्या वासातून, हातात पेजेचे झाकलेले भांडे घेऊन, कुमुदबाई चालल्या होत्या.

त्या वासाचे त्यांना काही वाटत नव्हते. कित्येक ऋतूंत कशाचेच काही वाटले नव्हते.

कुमुदबाई गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. देव त्यांनी कधी मानला नव्हता. न मानल्याचा डांगोराही कधी पिटला नव्हता. विशीतली लेक ऋता तापाने गेली, तेव्हा "मंत्र नकोत, पिंड नको," एवढेच त्या हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या.

आणि देवळाच्या पायरीवरून दौलतराव गरजले होते, "ज्यांना देव नको, त्यांना गावाचा खांदाही नको!"

दौलतराव देवस्थानचे कारभारी. त्यांचा शब्द तो गावाचा शब्द. दारे मिटली, गल्ली मुकी झाली. स्मशानाकडे न्यायला नवऱ्याने बैलगाडी जुंपली. बाई मागे बसल्या, लेकीचे डोके मांडीवर घेऊन. खाचखळग्यांतून गाडी हिंदकळे, तसे ते डोके हले, आणि प्रत्येक वेळी बाई तळव्याने ते सावरत. त्या वाटेवर त्यांच्या आत काहीतरी गोठले. पुढे नवराही गेला. गोठलेले तसेच राहिले. हिमशुभ्र, नि:शब्द, निर्विकार.

आता दौलतरावांचे अर्धे अंग लुळे पडले होते. मुले नागपुरात, गडी काम सोडून गेलेला. शेजारीण दोन घास ठेवून जाई, भरवायला कुणी थांबत नसे. एका सकाळी त्यांच्या अंगणावरून जाताना बाईंना हाक ऐकू आली.

"पाणी..."

बाई थबकल्या. त्यांनी मनात संताप शोधला; सापडला नाही. करुणा शोधली; तीही सापडली नाही. हाक पुन्हा आली. त्या आत गेल्या, माठातले पाणी ओतले, आणि त्यांची मान उचलून पेला ओठांना लावला.

मग रोज गेल्या. अंग पुसले, कूस बदलली, पाठीवरच्या जखमांना मलम लावले. त्यांच्या मुलांना फोन केले. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "मास्तरीणबाईंना शेवटी पाप-पुण्याची आठवण झाली म्हणायची!" बाईंनी ते ऐकले, बादली उचलली, आणि वाट धरली.

आज पेज भरवताना दौलतरावांनी तोंड फिरवले.

"देव नाही मानत तुम्ही. मग माझं का करता जी?"

"तुम्हाला तहान लागली होती."

"पोरीच्या वेळी मी..."

"हो," बाई म्हणाल्या. "एकही माणूस येऊ दिलं नाही तुम्ही."

बाहेर एक सुतारपक्षी टकटकत राहिला. दौलतरावांच्या एकाच डोळ्यातून पाणी वाहिले. दुसरा कोरडा, काचमण्यासारखा छताकडे पाहत होता.

"एकदा म्हणा ना, बाई. देवानं मला क्षमा केली म्हणा. तुम्ही म्हटलंत तर मला खरं वाटेल."

किती सोपे होते ते! एक शब्द, आणि त्या जर्जर, भयव्याकूळ, मरणोन्मुख चेहऱ्यावर शांतीचा लेप चढला असता. पण जन्मभर बाईंनी लेकरांना फळ्यासमोर उभे करून एकच शिकवले होते, की जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणू नये.

"ते मला ठाऊक नाही, दौलतरावजी. आणि माझी क्षमा शोधते आहे, तीही अजून सापडत नाही. पण मी उठून जाणार नाही."

दौलतराव क्षीण स्वरात म्हणाले, "तुळशीचं पान..."

बाई अंगणात गेल्या. वृंदावनापुढे त्यांचे हात जुळले नाहीत. त्यांनी एक कोवळे पान खुडले, धुतले, आणि भिजवून दौलतरावांच्या जिभेवर ठेवले. अलगद, जपून, जणू ते पान बाईंच्या स्वतःच्याच श्रद्धेचे होते. दौलतरावांचे ओठ देवाचे नाव घेत हलू लागले. बाई गप्प राहिल्या. हात मात्र त्यांच्या कपाळावर होता, आणि ओठ थांबल्यावरही तो तिथेच होता.

दुपारी मुले आली. मोटारी आल्या, टाळ आले, गुलाल आला, गाव लोटले. गर्दी नदीकडे निघून गेल्यावर अंगण रिते झाले. कोपऱ्यात दौलतरावांच्या अंथरुणावरची चादर बोळा होऊन पडली होती. बाईंनी ती विहिरीवर नेली, डाग सुटेपर्यंत चोळली, पिळली, आणि दोरीवर पसरली. कुणाला तरी पांघरायला होईल म्हणून.

मग त्या उभ्या राहिल्या. डोळे कोरडे, हात ओले.

तलावावरून वारा आला. चादर फुगली, उन्हाने भरली, क्षणभर कुणी कूस बदलावी तशी वळली. आणि हळू, हळू, पुन्हा सपाट झाली. टोकावरून पाणी गळत राहिले. थेंब. मग थेंब. मग माती.