हात लागलेलं पिल्लू

माईंचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. माई म्हणजे आमच्या चाळीच्या मालकीणबाई. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आमची चाळ. चिमण्या घरात काड्या पाडतात म्हणून त्या साली माईंनी कौलांखालच्या सगळ्या फटी चुन्यानं बुजवून घेतल्या. आणि रोज सकाळी त्याच चिमण्यांना अंगणात मूठभर तांदूळ! वर आम्हाला ऐकवायचं, "कौसाबाई, मुक्या जिवांना घालावं, पुण्य लागतं." अहो, आधी घर मोडायचं आणि मग जेवायला बोलवायचं, हे कुठलं पुण्य?

मी म्हटलं, थांबा, मीच देते घर. आमचे हे कॅम्पातल्या सिंधी हलवायाकडून वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन आले. उल्हासनगर नाव पडून पाच वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी कॅम्पच. डब्याच्या झाकणाला चिमणी जाईल एवढं भोक पाडलं. धार लागू नये म्हणून कडा आत ठोकल्या. पाणी साचू नये म्हणून खालच्या अंगाला खिळ्यानं चार बारीक भोकं पाडली. तारेनं डबा आडवा बांधून पडवीच्या वाशाला टांगला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. झाला की बंगला!

तेवढ्यात चंद्री आली. ती बारवीकडच्या कातकरवाडीतली, दोन दिवसांआड डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चाळीत यायची. डबा बघून ती हसायलाच लागली.

"दात काय काढतेस गं?"

"कौसाबाय, चैताचं ऊन हाय. पत्रा तापला का पिलां भाजतील ना!"

खरंच की! माझं माहेर चामटोलीचं. तिथं आम्ही चिमण्यांना फुटकं गाडगं टांगायचो. गाडगं कधी तापत नाही, म्हणून हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग चंद्रीनंच माती-शेणाचा काला केला, त्यात गोणपाट बुडवलं, डब्याला गुंडाळलं आणि वरून जाड लिंपलं. आठ दिवसांत चिमणी राहायला आली. पुढं तीन पिल्लं झाली.

एके दिवशी सकाळी त्यातलं एक खाली पडलं. माई तांदळाची वाटी घेऊन तिथंच उभ्या होत्या, आणि मांजर दबकत निघालं होतं. चंद्रीनं मोळी टाकली, धावली, पिल्लू उचललं, माझ्या स्टुलावर चढून डब्यात ठेवलं.

"अगं, अगं, काय केलंस!" माई ओरडल्या. "माणसाचा हात लागला! आता आई त्याला घ्यायची नाही, टोचून मारेल. आणि हात तरी कुणाचा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाचा म्हणजे? मांजराच्या तोंडातून काढलं तिनं! तुम्ही काय करत होतात, तांदूळ मोजत होतात?"

पण चंद्रीचा चेहरा पार उतरला. "खरं का, कौसाबाय? माझ्या हातानं मरंल?"

काय सांगणार? लहानपणापासून मीही तेच ऐकलेलं. ती पायरीवर बसली. ऊन चढत होतं, मोळी अजून विकायची होती, पुढं वाडीपर्यंतची वाट होती. तरी म्हणाली, "त्याची आय येईस्तवर मी नाय जायची."

चिमणी आली, डब्याजवळ घुटमळली, उडून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. चंद्रीची नजर हलेना. तिसऱ्यांदा चिमणी अळी घेऊन भोकाशी बसली. आतून तेच पिल्लू पुढं आलं, डोक्याला चंद्रीच्या हाताची काळी माती लागलेली. त्यानं चोच वासली आणि चिमणीनं अळी त्याच्याच घशात कोंबली!

चंद्रीनं दोन्ही हात तोंडावर धरले, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघा माई, या, बघा!" मी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडले.

माई आल्या. "नशीब हो त्याचं," म्हणाल्या, आणि तांब्यातलं पाणी चंद्री बसली होती त्या पायरीवर शिंपडलं.

"लाज नाही वाटत?" माझा आवाज चिरकला. "चिमणीला विटाळ झाला नाही, तुम्हालाच बरा झाला! चंद्रे, उठायचं नाही. आज माझ्याकडचा चहा घेतल्याशिवाय जायचं नाही!"

चहा होईपर्यंतही माझं तोंड चालूच होतं. पातेलं घेऊन बडबडतच बाहेर आले. तोवर चंद्री मोरीमागं जाऊन आली होती. तिथं वळचणीला तिच्यासाठी खोचून ठेवलेला कानतुटका कप तिनं आपणहून काढला होता, विसळला होता. तो तिनं खाली ठेवला आणि नेहमीसारखी दोन पावलं मागं सरकली.

माई दारातून बघत होत्या.

मी वाकले, आणि पातेलं कपाला लागू न देता वरून चहा ओतला.