तीन दातांची गाठ

"हमने अडीच तांबे पानी पिया है, बेटी. अब तुम्हारी लाईट गयी, तो हम उसको सांभाळके बैठें?"

सोनोग्राफीच्या टेबलावर आडव्या पडलेल्या सीताकाकूंनी अंधारातच डॉक्टरीणबाईंना झापलं. लग्न होऊन काशीत आल्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, तरी त्यांच्या हिंदीत क्रियापदं तेवढी हिंदी होती. पाणी मात्र घरचं, घरच्याच तांब्यातलं. दवाखान्याच्या माठाकडे त्यांनी नुसतं बघितलं, तेवढ्यानं नर्सने त्यावर झाकण ठेवलं.

"बस दो मिनट, अम्मा. जनरेटर चालू हो रहा है," डॉक्टर अवनी मिश्रा म्हणाल्या. "पेशाब भरा रहे, तभी अंदर साफ दिखता है."

"दिखता है तो जल्दी देखो. नहीं तो सबको दिखेगा."

चार महिने पोट वर येत होतं. काकूंनी त्याला वायू ठरवलं होतं. सून वीणाने तीनदा डॉक्टरचं नाव काढलं आणि तिन्ही वेळा ओवा-हिंगाचं व्याख्यान ऐकलं. संकठा घाटाच्या गल्लीत काकू यात्रेकरूंना जेवण घालत. गेल्या सोमवारी तीस पानांचे वडे तळता तळता झारा सोडून त्या मटकन खाली बसल्या, तेव्हा वायूचं राज्य संपलं. एक्स-रे निघाला. बाहेर कुणीतरी कॅन्सर म्हटलेलं मुलाने, प्रल्हादने, ऐकलं आणि बँकेतून येताना तो रोज रबडी आणू लागला. तिसऱ्या दिवशी काकूंनी ओळखलं, पोरगा आपल्याला निरोप देतोय.

"रडू नकोस," त्या त्याला म्हणाल्या होत्या. "मणिकर्णिका हाकेवर आहे. खांद्यावर न्यायचा त्रास नको, मी चालत जाईन."

पण रात्रभर त्यांनी पोटावरचा हात काढला नव्हता.

दिवे आले. डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार चिकट काहीतरी फासलं. काकूंनी एका हाताने लाल आलवणाचा पदर डोक्यावर घट्ट धरला. पोट दिसलं तर दिसू दे, डोकं नाही. आज काशीनाथ न्हाव्याचा दिवस होता, तो दारातून परत गेला असणार. अठराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा प्रल्हाद मांडीवर होता. तेव्हापासून दर पंधरवड्याला डोक्यावर वस्तरा फिरवायला आधी काशीनाथचा बाप, मग काशीनाथ. ही पाळी कधी चुकली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बघितलं, एक्स-रे उजेडाला धरला, पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि चक्क हसल्या.

"अम्मा, आपके पेट में दाँत हैं. तीन."

"हमारे मुँह में एक नहीं, और पेट में तीन?"

"कॅन्सर?" दारातून प्रल्हादचा आवाज आला.

"लगता तो नहीं. डर्मॉइड है, बाएँ अंडाशय में. निकालकर जाँच करेंगे, पर ज़्यादातर सीधी गाँठ होती है." अशा गाठीचं बी जन्मापासूनच शरीरात असतं, त्यात दात येतात, कातडी येते, चरबी येते, आणि तशीच ठेवली तर कधीतरी पीळ पडून जिवावर बेततं, असं त्यांनी समजावलं.

प्रल्हाद भिंतीला टेकला. काकूंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "म्हणजे उद्यापासून रबडी बंद का रे?"

"आई!"

"आणि ऑपरेशनबिपरेशन काही नको. तीन दात आहेत, असू देत बापडे. चावतायत का कुणाला?"

"पीळ पडेल म्हणतायत त्या, आई," प्रल्हादच्या मागून वीणा म्हणाली.

"माझ्या पिळाला पन्नास वर्षं कुणी घाबरलं नाही ते!"

वीणा दुसरीकडे बघून हसली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "और ये चमकती लकीरें देखिए, अम्मा. ये बाल हैं."

काकू मान वळवून त्या रेघांकडे बघत होत्या.

"किसके?"

"आपके ही."

"कितने लंबे?"

"वो तो निकालेंगे तब पता चलेगा."

"तो निकालो," काकू म्हणाल्या. "पर फेंकना नहीं. पहले हमको दिखाना."

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई काचेची बाटली घेऊन खाटेपाशी आल्या. काकूंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. दातांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वीतभर लांब, तांबूस केस. पांढरा एकही नव्हता.

"तेल लगाया किसने?"

"अंदर की चरबी है, अम्मा. अपने आप बनती है."

काकूंनी बाटली परत दिली, आणि मग पुन्हा मागून घेतली.

तपासणीचा अहवाल चांगला आला. तीन आठवड्यांनी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. काकू भिंत धरत दारापर्यंत आल्या, तर काशीनाथ धोपटी मांडून पायरीवर बसलेला.

"अम्मा, दो पाली चूक गयी," तो उठत म्हणाला.

"चाय पी के जा," काकू म्हणाल्या. "आज नहीं. हम बुलायेंगे तब आना."

त्या स्वयंपाकघरात गेल्या, वीणाच्या वड्यांना नावं ठेवली, डाळ कच्ची आहे म्हणाल्या. मग पाटावर टेकून, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "खोबरेलाची बाटली कुठं असते गं तुझी? फार नको. एवढंसंच."

वीणाने उठून बाटली आणली. थंडीने तेल थिजलं होतं. ती बाटली चुलीजवळ ठेवून दोघी ते विरघळायची वाट बघत बसल्या.