दोन्ही टोकांना सारखा काटा

अलुओचने थाप मारली ती नेमकी चुकीच्या घरात.

डोक्यावर माशांचं घमेलं चढवून देताना नवऱ्याची, ओंदितीची, बोटं तिच्या डाव्या दंडाला आतल्या बाजूने लागली आणि त्याने विचारलं, "हे टणक काय गं?" तिच्या तोंडून निघून गेलं, "माशाचा काटा. मोडून आत राहिलाय." तळ्याकाठच्या दुसऱ्या कुठल्याही घरात हे खपून गेलं असतं. टिलापिया माशाच्या पाठीवरचे काटे तिथे कुणाला टोचले नव्हते? पण या घरात तिची सासू दोरीना होती आणि रुतलेला काटा काढण्यात दोरीनाचा हात धरणारं त्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. बेटांवरून माणसं होडीत बसून, सुजलेली बोटं वर धरून तिच्याकडे यायची.

"मग एवढे दिवस गप्प का बसलीस?" ओंदिती म्हणाला. "लोक लांबून येतात आणि तू घरातल्या घरात काटा सांभाळतेस? मासे विकून आलीस की आईसमोर बैस."

तो काटा नव्हता. काडेपेटीच्या काडीएवढी लवचीक कांडी होती, बाजाराच्या गावातल्या दवाखान्यात नर्सने कातडीखाली सरकवलेली. ती आत आहे तोवर दिवस जायचे नाहीत. धाकट्या मर्सीच्या वेळी अलुओचच्या अंगावरून इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, पुढचं बाळंतपण ही बाई काढणार नाही. ओंदितीने ते ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाला होता, "यांचं असंच असतं. माझ्या आजीला यांनी मेलेली ठरवली होती, पुढे वीस वर्षं ती आमच्यावर ओरडत होती."

माणूस वाईट नव्हता. पण त्याला अजून एक मूल हवं होतं आणि त्यामागे त्याचा मेलेला बाप उभा होता. म्हातारा ओदेरो मर्सी रांगायला लागली तेव्हा गेला. त्यानंतर तो दोरीनाच्या स्वप्नात येऊ लागला. स्वप्नात येणारा मेलेला माणूस घरातल्या लेकराला आपलं नाव द्या म्हणतो, हे काही कुणाला समजावून सांगावं लागत नाही. थोरली मुलगी ओंदितीच्या आजीच्या नावाची होती, मधला मुलगा काकाच्या. आता जे होईल ते ओदेरोचं, असं सगळ्या घराने धरून ठेवलं होतं. अलुओच मान डोलवायची. मान डोलवायला काय जातं? कांडी निघाली की जीव जायची वेळ येणार होती, तो तिचा एकटीचा जाणार होता.

घमेलं रिकामं झालं तरी ती किनाऱ्यावर रेंगाळली. शेवटी घरी गेली, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

दोरीनाने अंगणातल्या आंब्याखाली सगळी तयारी मांडली होती. कोमट पाणी, तुपाची वाटी, नवं पातं. ओंदिती शेजारीच स्टूल घेऊन बसला होता, जणू फुटबॉलची मॅच बघायला आलाय.

"तू ऊठ," दोरीना त्याला म्हणाली. "पुरुष डोळे फाडून बघायला लागला की बाईचं मांस आखडतं. मग काटा वर येत नाही. जा, मर्सीला सांभाळ."

तो कुंपणापाशी जाऊन जाळं शिवत बसला. दोरीनाने सुनेचा दंड मांडीवर घेतला, तूप लावलं आणि अंगठा फिरवू लागली. अलुओचने डोळे मिटून घेतले. अंगठा एका टोकापर्यंत गेला. परत फिरला. दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला.

"उयोमाची," दोरीना हळूच म्हणाली. सुनेला ती तिच्या माहेरच्या गावाच्या नावानेच हाक मारायची. "काटा एका बाजूला जाड असतो, एका बाजूला निमुळता. हा दोन्ही टोकांना सारखा आहे. असा मासा आपल्या तळ्यात नाही."

अलुओचने डोळे उघडले.

"आणि काटा बोटात जातो, तळव्यात जातो. काखेजवळ कसा गेला? माशाला मिठी मारलीस?"

"आई, तुम्ही होतात ना त्या दिवशी," अलुओच म्हणाली. "मोटारसायकलवर मला मागून धरून बसला होतात. रक्ताने भिजलेलं तुमचं लुगडं फेकून द्यावं लागलं."

"माहीत आहे."

"मला मरायचं नाही, आई. पोरं लहान आहेत. आणि पोरं नसती तरी मला मरायचं नाही."

दोरीनाने पातं उचललं. अलुओचने दंड मागे ओढला. म्हातारीने ते पुन्हा कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं, पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण काही गेला नाही.

"आणि त्याला काय सांगू मी?" ती म्हणाली. "रोज येतो गं. पाण्याच्या कडेला उभा असतो. म्हणतो, मला बसायला जागा द्या. चाळीस वर्षं संसार केला त्याच्याबरोबर. त्याला असं उभं ठेवून मी जेवते, झोपते. मला लाज वाटते."

 अलुओचलाही म्हातारा आवडायचा.

तेवढ्यात कुंपणाकडून मर्सीने भोकाड पसरलं. कोंबडीने तिच्या हातातला मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा पळवला होता. ओंदितीने दुसरा गोळा दिला, तो तिने फेकला. गाणं म्हटलं, तर आणखी जोरात रडली. ही पोर एकदा सुरू झाली की थांबायची नाही, आणि दोरीना नेहमी म्हणायची की याला कारण आहे. तिचं 'मर्सी' हे नावही घाईघाईत नर्सने लिहून टाकलेलं. आई दवाखान्यात, मग आजोबा अंथरुणावर, मग आजोबांची माती. या गडबडीत पोरीला घराण्यातलं नाव द्यायचं राहूनच गेलं होतं. रडणाऱ्या लेकरापुढे मेलेल्यांची नावं एकेक घ्यायची आणि ज्या नावाला ते गप्प होईल ते त्याचं, एवढं साधं कामही कुणी केलं नव्हतं.

दोरीना ऐकत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पोरीसमोर जाऊन उभी राहिली.

"न्यांगवेसो आलीस का?" तिने विचारलं. हे दोरीनाच्या आईचं नाव. मर्सी रडतच राहिली.

"अपिदी आलीस का?" रडणं चालूच.

मग दोरीना वाकली, तिने पोरीला उचलून कमरेवर घेतलं, तिची पाठ थोपटली आणि म्हणाली, "अदेरो आलीस का?"

मर्सीने एक हुंदका दिला आणि आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आधीच्या दोन नावांना म्हातारी नुसती उभी होती आणि तिसऱ्याला तिने पोर उचलली, हे अलुओचने नीट पाहिलं. ओंदितीचे डोळे जाळ्यावर होते. आता मात्र त्याने मान वर केली.

"अदेरो? पण आई, बाबांना..."

"काय बाबांना? मुलगा झाला की ओदेरो, मुलगी झाली की अदेरो. तुझ्या बापाने नाव मागितलं. नावाच्या खाली लंगोट हवा की झगा, ते त्याने मला सांगितलं नाही."

"आपण सगळे म्हणत होतो की पुढच्या मुलाला..."

"आपण म्हणत होतो. तो कधी म्हणाला? तो गेल्यापासून पोर घसा फाडून सांगत होती, आपल्यालाच ऐकू आलं नाही. आता विचार तिला, बघ कशी गप्प आहे."

ओंदितीने पोरीकडे पाहिलं. पोर नाक ओढत त्याच्याकडे पाहत होती आणि कपाळाला आठी घालायची तिची तऱ्हा, खरं सांगायचं तर, म्हाताऱ्याचीच होती. त्याने सुई खाली ठेवली.

"आणि काटा?" त्याने विचारलं.

"राहू दे. जुना झालाय, मांसाने धरून ठेवलाय. ओढला तर हात जाईल. मग मासे कोण तळणार, तू?"

त्याने पुन्हा सुई उचलली. जेवणाआधी हात धुवायला पाणी ओतताना दोरीनाने सुनेला एवढंच विचारलं, "किती टिकतो?"

"पाच वर्षं."

"संपत आला की मला सांग. बाजाराला म्हणून दोघी जाऊ."

जेवायला सगळे बसले. टिलापियाचं डोकं या घरात म्हाताऱ्याच्या ताटात पडायचं. तो गेल्यापासून ते भांड्यातच राहायचं आणि शेवटी कुत्र्याला जायचं. त्या संध्याकाळी ओंदितीने ते उचललं आणि मर्सीच्या ताटात ठेवलं.

"घ्या बाबा," तो म्हणाला. हसायला गेला, पण डोळ्यांत पाणी आलं.

"धनी, सावकाश," दोरीना नातीला म्हणाली. "त्यात काटे असतात."

अलुओचला हसू आवरेना, मग रडू आवरेना. उगाली गरम आहे, असं काहीतरी सांगून तिने डाव्या हाताने तोंड पुसलं.