कुसाआजींची उत्तरं

मोबाइलच्या काचेवर अंगठ्याचा पिवळा ठसा, हळदीचा. आणि नेमका त्याच्याखाली कुणाचा तरी अर्धवट दिसणारा प्रश्न. योगिनीने ओढणीच्या टोकाने काच पुसली. 'आजी, वांग्याच्या भरताला काळा मसाला चालतो का?' चालतो बाळा, पण चिमूटभरच घाल, भरताची भाजकी चव झाकू नकोस... लिहिलं, पाठवलं. 'बाळा' आता बोटांना आपोआप यायचा. ज्यांच्या नावाने तो गेला त्या कुसाबाई, तिच्या सासूबाई, समोरच कढईत खोबरं भाजत बसल्या होत्या, आणि त्यांनी कुणाला बाळा म्हटलेलं योगिनीने कधी ऐकलं नव्हतं. पोटच्या लेकालासुद्धा त्या 'ए हर्शा' अशीच हाक मारायच्या.

तिचा नवरा हर्षल सकाळीच सिन्नरला कारखान्यात जायचा. मग सिडकोतल्या या घरात दोघी आणि मसाला. सुरुवातीला तिने विक्रीसाठी मोबाइलवर नुसते मसाल्याच्या पुड्यांचे फोटो टाकले होते, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एकदा कंटाळून तिने सहज विचारलं, 'आज तुमच्याकडे कोणती भाजी?' आणि बायका अशा काही बोलायला लागल्या, जणू कुणीतरी विचारायचीच वाट पाहत होत्या! तेव्हापासून तिचा नेम झाला: रोज सकाळी एक प्रश्न, आणि आलेल्या प्रत्येकीला उत्तर, कुसाआजींच्या नावाने. मसाल्याचं नाव घ्यायचं नाही, आधी विचारपूस करायची. विचारपूस करणारी म्हातारी मिळाल्यावर लोक डोळे झाकून मसाला मागवू लागले. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. 'तुमच्या नावाने उत्तरं देते हं,' असं तिने सांगितलं तेव्हा त्या 'दे' एवढंच म्हणाल्या होत्या.

दारावरची बेल वाजली. दारात उन्हाने लाल झालेली एक तरुण बाई, हातात पेरूंची पिशवी.

"मी उज्वला, पुडीवरचा पत्ता बघून सिन्नरहून आले. आजी आहेत ना? मला फक्त त्यांना बघायचंय."

उज्वला... योगिनीला नाव लगेच आठवलं. या उज्वलाने एकदा लिहिलं होतं, आमटी करपली, सासूबाई ताट सारून उठल्या, मला इथे राहवत नाही. आणि त्या दुपारी योगिनीच्या बोटांना काय झालं होतं कोण जाणे. तिचं स्वतःचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हाची तिची ती आमटी, ताट सरकल्याचा तो फरशीवरचा आवाज, आणि उठून गेलेल्या कुसाबाई... सगळं आठवलं, आणि तिने लिहून टाकलं, आजींच्या नावाने...

उज्वला आत येऊन पाया पडलीसुद्धा. "आजी, तुम्ही लिहिलंत ना, की तुम्हीही सुनेसमोर ताट सारलं होतं, आणि त्याचं तुम्हाला अजून वाईट वाटतं? ते मी आमच्या आईंना वाचून दाखवलं. त्याच संध्याकाळी त्या माझ्यासोबत जेवायला बसल्या. तुमच्यामुळे, आजी."

कुसाबाईंचा हात थांबला. आता त्या म्हणणार, म्या कवा असं बोलले? त्या खोटं बोलत नाहीत, गोड तर नाहीच नाही. मग ही बाई सिन्नरला जाऊन सांगेल की आजीबिजी सगळं थोतांड आहे, आणि इतक्या बायकांनी टाकलेला विश्वास एका दुपारीत मातीमोल होईल. पण धंद्याची भीती एवढी नव्हती. भीती होती ती त्या 'वाईट वाटतं'ची. ते खोटं ठरलं तर? इथे, तिच्या समोर, परक्या बाईच्या देखत?

खोबरं कडेने काळं पडायला लागलं.

"सारलं व्हतं खरं," कुसाबाई म्हणाल्या. बाकीच्याबद्दल काही नाही. मग गॅस बारीक करून, "बस. च्या घे."

उज्वलाने चहा घेतला, आजींसोबत फोटो काढला, जाताना योगिनीला हळूच म्हणाली, "नशीबवान आहात हो." योगिनी हसली, आणि त्या हसण्याची तिला लाज वाटली.

दार लावून ती परत आली. सासूबाई करपलेले काप बाजूला काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वाईट वाटतं, असं बी म्या बोलले?"

"...हो, आई."

हे त्यांनी सांभाळून घेतलं की कबूल केलं? गिऱ्हाइकासाठी की... तिला कळेना. विचारावंसंही वाटेना, विचारलं तर उत्तर येईल, आणि त्यांची उत्तरं तिला ठाऊक होती. आजवर तरी तिला तसं वाटत होतं.

पदराला हात पुसून त्या म्हणाल्या, "आजून काय काय बोलले म्या? वाच."

योगिनीने मोबाइल उचलला. कितीतरी बायकांना दिलेली उत्तरं भराभर वर सरकत गेली. त्यातलं एक तिने निवडलं, घसा साफ केला, "बाळा..." अशी वाचायला सुरुवात केली. हा शब्द तिने आजवर फक्त लिहिला होता. या घरात तो मोठ्याने आज पहिल्यांदाच उमटला होता.

कुसाबाईंनी गॅस बंद केला, आणि ऐकत बसल्या.