हुकावर असेल त्यालाच

रायपूरच्या गुढियारीत पूर्णिमा रामटेकेचा इंग्रजीचा क्लास सुटला की मालधक्क्यावरची कबुतरं घाबरून उडतात, असं तिथले लोक सांगत. ते साफ खोटं. कबुतरं क्लास सुरू होतानाच उडायची. सुटेपर्यंत ती तेलीबांध्याला तलावाच्या काठी दाणे टिपत बसलेली असायची.

कारण होतं पूर्णिमाची शिकवायची रीत. तिचा बाप रेल्वेत गार्ड. त्याने पोरीला इंग्रजी शिकवलं ते झेंडीच्या काठीने. शब्द चुकला की पाठीत एक. पूर्णिमाचं इंग्रजी असं पक्कं झालं की झोपेतसुद्धा व्याकरण चुकायचं नाही, पण पाठीवर झोपणं मात्र तिला कायमचं सोडावं लागलं. तेव्हाच तिने ठरवलं होतं, आपण शिकवू तेव्हा माणसाला हात लावायचा नाही. मार हवाच असेल तर दुसऱ्या कुणीतरी खावा.

तो मार खायचं पोतं. तिचा क्लास होता एका तांदळाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. तुळईला जुनं लोखंडी चाक, चाकावरून दोर, दोराला मुठीएवढा हूक आणि हुकाला कोंडा ठासून भरलेलं पोतं. नवा शिष्य आला की पूर्णिमा आधी नियम सांगायची, "इथं माणसाला मारायचं नाही. हुकावर असेल त्यालाच मारायचं." हा नियम इंग्रजीत आणि मराठीत रोज म्हणवून घेतला जाई, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसा.

मग धडा. इंग्रजीत काही जोड्या अशा आहेत की भल्याभल्यांची गफलत होते. हार्ड म्हणजे जोरात. आता हार्डली म्हटलं की आपल्या माणसाला वाटतं, शेपूट लागलंय म्हणजे आणखीच जोरात. तर नाही. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. लेट म्हणजे उशिरा आणि लेटली म्हणजे अलीकडे. निअर म्हणजे जवळ आणि निअरली म्हणजे होता होता राहिलं ते. हे फळ्यावर लिहून कुणाच्या डोक्यात राहत नाही. पूर्णिमा ते हातात ठेवायची. "आय हिट इट हार्ड!" असं ओरडायचं आणि धाडकन ठोसा. "आय हार्डली हिट इट!" म्हणून बोटाचं टोक टेकवायचं, बस. निअरली म्हणताना मूठ पोत्याच्या केसभर अलीकडे थांबली पाहिजे. रोल नंबरने रांग, एकामागून एक. वाक्य चुकलं तर हात चालवायचा नाही. वाक्य बरोबर आणि हात चुकला, तर रांगेच्या शेवटी जायचं.

शिष्यही तसेच. लहानू मालधक्क्यावरचा हमाल. त्याची पाठ एवढी रुंद की त्याच्या मागे उभं राहिलं तर ऊन लागत नसे. त्याची पोट्टी इंग्रजी शाळेत जायची आणि घरात बापाला इंग्रजीत उलटून बोलायची, म्हणून हा शिकायला आलेला. त्याच्या मागोमाग धक्क्यावरचे आणखी हमाल आले. शेवंताबाई सदर बाजारात सोनाराच्या दुकानी काउंटरवर, थोरल्या जावेला सोबत घेऊन यायची. तिच्या ठोशाने एकदा पोतं चाकाभोवती गुंडाळलं गेलं, ते सोडवायला शिडी आणावी लागली. हे सगळे एकदम "हार्ड" म्हणू लागले की खालच्या तांदळात आपोआप कणी पडायची, म्हणे.

असा क्लास कोण ठेवून घेणार? पूर्णिमाला याआधी तेलीबांध्याच्या फ्लॅटवाल्यांनी काढलं, कारण खालच्या मजल्यांवरचे पंखे गळून पडले. समता कॉलनीतून काढलं. शाळेच्या रिकाम्या वर्गातून काढलं. साऱ्या रायपुरात हे गोदाम एकच असं, की ज्याच्या भिंती हा मार सोसत होत्या आणि ज्याच्या खाली तक्रार करायला पोत्यांशिवाय कुणी नव्हतं. ही जागा गेली तर क्लास संपला. मग भावाच्या घरी भिलाईला जायचं आणि त्याच्या पोरांचे डबे भरत म्हातारं व्हायचं.

आणि नेमकी हीच जागा श्रीपादभैयाच्या मनात भरली.

हा श्रीपादभैया म्हणजे त्या भागातलं सगळ्यांचं दुखणं. एका पानवाल्याने त्याला "थांबा, आधी याला देतो" म्हटलं, तर त्याने पानवाल्याचं तोंड त्याच्याच काचेच्या पेटीत घातलं. एकाने त्याच्या गाडीपुढे स्कूटर लावली. स्कूटर नाल्यात सापडली, माणूस दवाखान्यात. भैयाला वॉर्डाची निवडणूक लढवायची होती, त्यासाठी ऑफिस पाहिजे होतं, रस्त्यावरून दिसणारं, मोठ्या खिडक्यांचं. गोदामाचे मालक यशवंतराव त्याचा निरोप मिळताच नागपूरला मुलाकडे गेले. जाताना पूर्णिमाला फोन केला, "बाई, तुमचं तुम्ही पाहून घ्या. मले बीपी आहे."

भैया आला तो भर क्लासात, संध्याकाळी. सोबत हॉकी स्टिक घेतलेली पोरं. लहानू रांगेत पुढे होता, मूठ वळलेली, वाक्य अर्ध्यावर.

"मॅडम," भैया म्हणाला, "शनिवारपर्यंत खाली करा म्हणून सांगितलं होतं. आज कोणता वार हाय?"

"शनिवार. पण मी जाणार नाही असंही मी सांगितलं होतं."

"तुमी सांगितलं, मी ऐकलं नाही. हिसाब बरोबर." आणि त्याने पूर्णिमाच्या थोबाडीत मारली.

ती फळ्यावर जाऊन आदळली. ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. वर्गात कुणी हललं नाही. भैयाने एका पोराला खूण केली. पोराने सुरी काढली आणि पोतं फाडलं. कोंडा भसाभस खाली आला, खोलीभर धूर झाल्यासारखं झालं. मग हॉकी स्टिका चालल्या. फळा फुटला. बाकं मोडली. एकाने लहानूच्या खांद्यावर स्टिक घातली, ती स्टिकच मोडली, पण खांद्याचं कातडंही फाटलं. शेवंताबाईच्या मनगटावर घाव बसला, बांगड्या मांसात रुतल्या. दुसऱ्या एका हमालाच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. सगळे रांगेत उभे. मार खात होते आणि रांग सोडत नव्हते.

"भैया, ये लोग तो हाथ ही नहीं उठा रहे," एक पोरगा चक्रावून म्हणाला.

"काहून रे?" भैया लहानूच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला. "मर्द नाही काय तुमी?"

"इथं माणसाले मारत नाही," लहानू शांतपणे म्हणाला. "नियम हाय."

भैया हसला. हसता हसता त्याने पूर्णिमाचे केस धरले आणि तिला दाराकडे ओढत नेऊ लागला. लहानूने एकदा मॅडमकडे पाहिलं. एकदा वर पाहिलं. वर हूक मोकळा झुलत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "उचलायले तर मनाई नाही ना?"

पूर्णिमाच्या तोंडात रक्त होतं. तिने मान हलवली. मनाई आहे म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

हमालाला उचलणं काय सांगायचं? लहानूने भैयाला कमरेच्या पट्ट्याला धरलं, वर घेतलं आणि हुकात अडकवलं. पट्टा चांगल्या जाड कातड्याचा होता, निवडणुकीसाठी घेतलेला. दोर ओढला तसा भैया जमिनीवरून सुटला, पोट खाली, हातपाय चारी दिशांना. पोरं धावून आली. बाकीच्या हमालांनी त्यांनाही मारलं नाही. फक्त उचललं, आणि धक्क्यावर पोत्यांची लावतात तशी कोपऱ्यात थप्पी लावली, एक आडवा, एक उभा, म्हणजे ढासळत नाही. वरून शेवंताबाई बसली आणि तिच्या शेजारी तिची थोरली जाऊ. सगळ्यात खालच्याचा आवाज पार गोदामातून आला असं वाटत होतं.

"छोड बे!" भैया ओरडला. "खाली घे! एकेकाले कापून टाकीन!"

लहानू त्याच्यासमोर आला, पाय रोवले आणि मोठ्याने म्हणाला, "आय हिट इट हार्ड!"

जो आवाज झाला तो सदर बाजारात ऐकू गेला. तिथल्या दुकानदारांनी शटर ओढली, त्यांना वाटलं दंगल झाली. भैया झुलत खिडकीबाहेर अर्धा गेला आणि परत आला. येतोय तोवर रोल नंबर दोन तयार होता.

खरं तर पूर्णिमाने तेव्हाच थांबवायला हवं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती. उलट एकाने "आय हिट हिम हार्डली" म्हटलं तेव्हा तिने रक्ताच्या तोंडाने त्याला सुधारलं. "चूक. असं म्हणायचं नाही. हार्डली आधी येतं. शेवटी जा." तो मुकाट्याने मूठ खाली करून रांगेच्या शेवटी गेला. तिला छान वाटत होतं. बापाची काठी पाठीवर पडायची तेव्हा बापाचा चेहरा कसा असायचा, ते तिला कधी दिसलं नव्हतं. आता तिला वाटलं, तो असाच असेल, आपला आत्ता आहे तसा.

रांग सरकत होती. शेवंताबाई आणि तिची जाऊ थप्पीवरून आळीपाळीने उठून आपापला नंबर लावून गेल्या. हार्डला भैयाची बरगडी वाजली. हार्डलीला तो डोळे मिटून श्वास रोखायचा आणि नुसतं बोट लागलं की जिवंत झाल्यासारखा धापा टाकायचा. निअरलीला मूठ नाकासमोर थांबली तरी तो किंचाळला. त्याच्या नाकातून रक्त कोंड्यावर ठिबकत होतं आणि कोंड्याचे लाल गोळे होत होते. रांग संपून लहानू पुन्हा पुढे आला. त्याने मूठ वळली.  भैयाची मान लोंबत होती.

"क्लास ओव्हर," पूर्णिमा म्हणाली.

सवय वाईट. सगळ्यांचे हात तिथल्या तिथे खाली आले. "थँक यू मॅडम," सगळे एका सुरात म्हणाले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. शेवंताबाई उठली तशी थप्पी मोकळी झाली. भैयाची पोरं एकदा वर लटकलेल्या मालकाकडे बघून मागच्या जिन्याने जी पळाली, ती थेट दुर्गच्या गाडीत बसली म्हणतात.

खोलीत राहिली पूर्णिमा आणि तो. दोराचं टोक खुंटीला बांधलेलं.

"खाली घे," भैया घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"घेते. आणि मग?"

"मग काय. जितं सोडीन काय मी तुले?"

"मग कशाला घेऊ?"

 दोर करकरत होता. खालून चहाच्या टपरीवरून हाका येत होत्या, "भैया! ओ भैया! सगळं ठीक ना?" पूर्णिमाने खिडकीतून पाहिलं. सारा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, रस्त्यावर गोळा झाला होता. माना वर.

"किती जणांनी पाहिलं?" भैयाने विचारलं.

"भैया, खिडक्या मोठ्या आहेत. त्यासाठीच तर तुम्हाला जागा पाहिजे होती."

त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. पूर्णिमाला आधी वाटलं, खोकतोय. तो रडत होता. डोळ्यातलं पाणी उलटं कपाळाकडे वाहत होतं. "हमालांनी मारलं," तो म्हणाला. "बायांनी मारलं. आता मले कोण भिणार वं? उद्या पानवालाबी..." मग एकदम मान वर करून म्हणाला, "सांग त्यायले की मी शिकायले आलो होतो."

"काय?"

"शिकायले! असंच शिकवता ना तुमी? सारा पारा जाणते, इथं असंच शिकवतात. मी ॲडमिशन घेतली. माझी मर्जी. मीच म्हटलं, लटकवा मले, पाहू द्या किती दम हाय तुमच्यात. सांग! जागा ठेव तुझी. निवडणुकीपर्यंत ठेव. नंतरबी ठेव."

पूर्णिमा दोराला हात लावून उभी राहिली. मग खिडकीत गेली आणि पदराने ओठ दाबून ओरडली, "काही नाही झालं! श्रीपादभैयांनी क्लासला नाव घातलं आहे! पहिलाच दिवस होता!"

 खालून कुणीतरी म्हणालं, "हव का! मोठा हिंमतवाला माणूस हाय बा!"

तिने दोर सोडला. जरा घाईने सुटला, खरं सांगायचं तर.

आता खोटं बोललं की ते रोज पाळावं लागतं. दुसऱ्या दिवशी भैया आला. एक डोळा बंद, बरगड्यांना पट्टी, जिना चढताना कठडा धरून. पायरीपायरीवर टपरीवाल्यांना हात करत. लहानूने सरकून जागा दिली. कुणी हसलं नाही. नवं पोतं टांगलेलं होतं. रांग चालू झाली आणि शेवटी त्याचा नंबर आला.

"आय हिट इट हार्ड," तो म्हणाला आणि मारलं. पोतं छताला लागून आलं. पत्र्यावरची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडली.

"चांगलं," पूर्णिमा म्हणाली. "आता दुसरं. फक्त बोट."

भैयाने ओठ चावला. बोट पुढे केलं. कपाळावर घाम आला. "आय हार्डली हिट..." आणि मूठ आपोआप वळली आणि पोतं उभं फाटलं. कोंडा त्याच्या पायांवर ओतला गेला.

मागे रांगेतल्या एका पोराला हसू फुटलं. भैया गर्रकन वळला. बंद नसलेल्या डोळ्यात जे आलं, ते बघून पोराने तोंडावर हात दाबला आणि रांग मागे सरकली. मूठ अजून वळलेलीच होती. पूर्णिमा मध्ये गेली. तिने त्याचं मनगट धरलं. आत नाडी मालगाडीसारखी धडधडत होती.

"मॅडम, हे मले नाही जमत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हात जातोच. लहानपणापासून असाच जाते."

जागा तिची राहिली होती. आणि रोज संध्याकाळी हा माणूस जिना चढून त्या जागेत येणार होता, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहणार होता, ही मूठ घेऊन.

"लहानू," तिने मनगट न सोडता हाक मारली, "खालून दुसरं पोतं आण. नाही, चार-पाच आण." मग भैयाकडे वळून म्हणाली, "पुन्हा."