पोटातली फुलपाखरं

"दादी, पोटात फुलपाखरं उडतायत," असं शमीम म्हणाली तेव्हा ताजुन्निसानं आधी नातीची जीभ पाहिली, मग नाक दाबून तिला चमचाभर एरंडेल पाजलं. पोरीनं भोकाड पसरलं. "दुर्गाबाईंनी शिकवलंय असं म्हनायला!" झालं! म्हातारीचं डोकं फिरलं. पदर खोचून, नातीच्या हाताला धरून ती तरातरा निघाली.

दुर्गाबाईंचा नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात होता. सरकारी शाळेत इंग्रजी आठवीपासून. बाई मात्र आपल्या ओसरीवर गल्लीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना आत्तापासूनच शिकवायच्या. ताजुन्निसाचा लेक रहिमान मोठ्या रस्त्यावर ट्रक दुरुस्त करायचा आणि त्याची हौस दांडगी. सोमवारी तो शमीमला पुण्याच्या इंग्रजी शाळेत परीक्षेला नेणार होता.

"बाई, लेकरांना असलं खोटं शिकवता व्हय?" ताजुन्निसा दारातूनच कडाडली. "उद्यापासून न्हाई पाठवायची मी हिला!"

दुर्गाबाईंचा चेहरा पडला. "दादी, खोटं नाही हो. साहेबलोक घाबरले की तसं म्हणतात. आपल्या पोटात गोळा येतो ना, तसं." मग त्या शमीमपुढं बसल्या. "कशाला घाबरलीस गं?"

शमीम अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "अम्मीला पुण्याला नेलं. ती आलीच न्हाई. आता अब्बा मला न्हेनार."

ताजुन्निसा मटकन पायरीवर बसली. तिची सून खैरुन्निसा गेल्या साली पुण्याच्या दवाखान्यात वारली होती. तेव्हापासून पोरीनं आईचं नाव काढलं नव्हतं. लहान आहे, विसरली असेल, असं म्हणत घरातल्यांनीही तो विषय टाळला. आणि आज तिनं मनातलं सांगितलं, तर आपण एरंडेल पाजलं! म्हातारीला भडभडून आलं. तिनं नातीला छातीशी धरलं.

"मी येते तुझ्यासंगं. शाळेच्या दारात बसून ऱ्हाते. दोघी जाऊ, दोघी माघारी येऊ."

शमीमनं तिच्या गळ्याला मिठी मारली. कितीतरी वेळ सोडलीच नाही.

डोळे पुसून ताजुन्निसानं दुर्गाबाईंचे दोन्ही हात धरले. 

"लई उपकार झाले, बाई. उद्यापासून मीच आनून सोडते हिला. असलं आनखी शिकवा. रागाचं शिकवा, रुसव्याचं शिकवा. आईची आठवन आली की काय म्हनायचं, त्ये बी शिकवा."